टेपबाईंचा झेंडू

आमच्या शिवणबाईंच्या गळ्यात मंगळसूत्राच्या जोडीला कायम मापाची टेप असायची. प्रार्थनेला, झेंडावंदनाला, एकदा तर वरचे साहेब तपासणीला आले होते तेव्हासुद्धा ती तशीच लोंबत होती. त्यामुळं सगळी शाळा त्यांना टेपबाई म्हणायची, आणि हे त्यांनाही ठाऊक होतं. शाळा मुलींची, मखमलाबादच्या पलीकडची. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिथं अजून इमारती आल्या नव्हत्या. नाशिकच्या बाजारात जाणारी फुलं आणि भाजी आमच्याच वावरांतून निघायची. शिवण हा विषय शाळेत कुणाच्या खिजगणतीत नव्हता. त्यामुळं बाईही नव्हत्या, आणि त्याचा त्यांनी पुरेपूर फायदा उठवला.

वर्षातून दोनदा, जूनमध्ये आणि संक्रांतीनंतर, बाई प्रत्येक मुलीचं माप घेऊन एका लांबोडक्या वहीत लिहायच्या. निमित्त बेतण्या-कापण्याच्या सरावाचं. पण माप देताना मुलगी पाच मिनिटं एकटी त्यांच्यापुढं उभी असायची. मी सातवीत असताना दप्तर छातीशी धरून, पोक काढून चालायला लागले होते. आई म्हणायची, नीट चाल. आजी म्हणायची, ओढणी घे. दोघींचं एकदम कसं ऐकायचं ते मला कळत नव्हतं. बाईंनी टेप लावली आणि वहीतला जूनचा आकडा दाखवला. "हे बघ, वाढलीस. उंची वाढली तेव्हा वाकली होतीस का? मग आता कशाला वाकतेस?" दुसऱ्या दिवशी त्यांनी माझा गणवेशाचा ब्लाउज मागून घेतला, दोन्ही बाजूंची शिवण उसवून सैल करून दिला. त्या दिवशी मी घरापर्यंत ताठ चालत गेले. एवढ्याशा गोष्टीनं इतकं हलकं वाटेल असं मला वाटलं नव्हतं.

विज्ञानाच्या मॅडम शरीराचा तो एक धडा आला की "हा घरी वाचा" म्हणून पुढं सरकायच्या. बाई तो धडा शनिवारी घ्यायच्या. सकाळची शाळा सुटली की शिवणखोलीचं दार लोटायचं, आम्ही वीसेक जणी जमिनीवर बसायचो आणि एक मुलगी मशीनवर बसून रिकामंच पायडल मारत राहायची. बाहेर खडखड ऐकू आली की हेडसरांना वाटायचं, पोरी शिवतायत. पायडल मारणारीला आतलं नीट ऐकू यायचं नाही, म्हणून तिला बाई नंतर थांबवून घेऊन सगळं पुन्हा सांगायच्या.

कुजबुज त्यांना खपायची नाही. कुणी "बाई, ते आलं की..." असं सुरू केलं की त्या कात्री टेबलावर आपटायच्या. "ते म्हणजे काय? पाव्हणा आहे का? नाव घे." मग आम्ही मशीनच्या खडखडाटात मोठ्यानं 'मासिक पाळी' म्हणायचो, आधी हसत, मग नुसतंच. पाळी का येते, कापडाची घडी कशी घालायची, ती धुऊन कडक उन्हातच का वाळवायची, त्या दिवसांत उगाच रडू का येतं, सगळं त्या दोऱ्याची रिळं मोजावीत इतक्या कोरडेपणानं सांगायच्या. सहावीतली एक पोर एकदा रडत आली, "बाई, मी मरणार का?" बाई म्हणाल्या, "मरशील. पण म्हातारी होऊन. तोवर ही घडी घालायला शीक." पोर रडता रडता हसली आणि घडी घालायला बसली.

आमच्या घरांत मात्र त्या चार दिवसांत बाजूला बसायचं. स्वयंपाकघर नाही, देव्हारा नाही, आणि फुलवाल्यांची घरं असल्यानं वावरही नाही. फुलं देवाला जायची. बाईमाणसाचा विटाळ झाला की झेंडू करपतो, हे आम्हाला पाढ्यांसारखं पाठ होतं. खुडणीच्या दिवसांत एखादी पोरगी ओसरीवर बसलेली दिसली की अख्ख्या वस्तीला काय ते कळायचं.

बाई यावर कधी वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी शिवणखोलीच्या मागं झेंडूचा एक वाफा लावला. नियम एकच. जिचे ते दिवस असतील तिनंच वाफ्यात जायचं. पाणी तिनं घालायचं, तण तिनं काढायचं, फुलं तिनं खुडायची. बाकीच्यांनी लांबून बघायचं. वीस मुली, त्यामुळं कुणी ना कुणी असायचीच. वाफ्यात कुणी कधी जायचं त्याची खूण बाई मापाच्याच वहीत नावापुढं करायच्या. का ते त्यांनी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. खंडेनवमीला शिवणाच्या मशीनची पूजा असायची, तेव्हा त्या फुलांच्या माळा मशीनना घालायचो. ओळीनं तीन वर्षं वाफा फुलला.

तिसऱ्या वर्षी, मी नववीत असताना, दोन गोष्टी एकदम झाल्या. उरलेली फुलं शिपाईमामांनी पाटीत भरून ऑफिसात नेली आणि हेडसरांनी ती सरस्वतीला वाहिली. आणि त्याच आठवड्यात आमच्या वावरातल्या झेंडूवर करपा पडला.

आजीनं मला ओसरीवर उभं केलं. "खरं सांग, तू बांध वलांडून गेली व्हती ना? ऐन दसऱ्याला माल गेला. लय विटाळ झालाय वावरात."

मी गेले नव्हते. पण मी नुसतं तेवढं म्हणून थांबले नाही. "शाळेतला झेंडू तर आम्ही त्याच दिवसांत सांभाळलाय," मी म्हणाले. "एक झाड करपलं नाय. काल सरस्वतीला तीच फुलं वाहिली."

दसऱ्याची सुट्टी संपून शाळा उघडली त्या दिवशी आजी वस्तीतल्या सात-आठ बायका घेऊन ऑफिसात गेली. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. आत काय झालं ते शिपाईमामांनी नंतर सांगितलं. घरची अब्रू जायला नको म्हणून आजीनं माझं नाव तिथं काढलंच नव्हतं. हेडसर "अशा... त्या... तसल्या दिवसांत" म्हणत अडकले, तेव्हा बाईंनीच शब्द पुरवला. "मासिक पाळी, सर." मग सगळ्यांना नावं हवी होती. कोणकोणत्या पोरींनी वाफ्याला हात लावला? नावं कळली असती तर त्या वीस जणींचं काय झालं असतं ते मला आजही सांगवत नाही. दोघी-तिघींची तर शाळाच सुटली असती. नावं त्यात असतील म्हणून हेडसरांनी मापाची वही मागितली. बाईंनी ती पदराखाली घेतली आणि म्हणाल्या, "यात मुलींच्या अंगाची मापं आहेत सर. पुरुषांनी बघायची नसतात." सरांनी हात मागं घेतला. बायकांनाही ते पटलं.

नावं दिली नाहीत म्हणून बाईंची बदली झाली, संस्थेच्या मनमाडच्या शाळेत. जायच्या दिवशी त्या आमच्या वर्गात आल्या, टाके नीट घाला एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. मी बाकावर खाली मान घालून बसले होते. कुणी सांगितलं, हे मुली एकमेकींना विचारत होत्या. मीही विचारत होते. मला माझी अतोनात लाज वाटत होती.

पुढं बारा-तेरा वर्षांनी मी नोकरीच्या कामानं मनमाडला गेले, तेव्हा पत्ता शोधून त्यांच्याकडं गेले. निवृत्त झाल्या होत्या. घरात मशीन होतं, त्यावर शेजारच्या पोरीचा फ्रॉक अर्धा शिवून पडला होता. मी बसले आणि पाणी प्यायच्या आधीच सांगून टाकलं, "बाई, घरी मी सांगितलं होतं. माझ्यामुळं तुम्हाला जावं लागलं."

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "तू होय! अगं, मी तीन वर्षं वाट बघत होते, एक तरी पोरगी घरी सांगेल म्हणून. घरी कळायलाच नको असतं तर सदाफुली लावली असती. फुलवाल्यांच्या गावात झेंडू कशाला लावला असता? तुमची नावं मात्र कुणाला कळू द्यायची नव्हती, तेवढं जमलं." मग फ्रॉक उचलून त्या दोरा ओवायला लागल्या. "ते राहू दे. पुढं काय झालं घरात? काही फरक?"

आजी शेवटपर्यंत बदलली नाही, हे मी सांगितलं. मग आईचं सांगितलं. पुढच्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी ओसरीवर बाजूला बसले होते. आजी बाजाराला गेली होती. आईनं रिकामी पाटी माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाली, "ऊठ, चार सऱ्या तू खूड. यंदा मजूर नाय मिळत."

बाईंचा हात थांबला.

"खरंच मिळत नव्हते?"

"आठ बाया होत्या वावरात, बाई."