कोळ्याची एक्केचाळीस पिल्लं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. एकदा लिहायला बसले होते. चार ओळी झाल्या, आणि तो कागद फाडून चुलीत घातला — चूल कुठली, गॅस होता तेव्हा घरात. बघा, सांगायला बसलं की पहिल्याच वाक्यात खोटं शिरतं. मला सवय आहे.

तुम्ही म्हणाल, कोळ्याच्या पिल्लांची गोष्ट, त्यात एवढं लपवायचं काय? बरीच वर्षं मीही स्वतःला हेच विचारून गप्प करत होते.

आम्ही बोरी अरबचे. बाबा शाळेत शिपाई, दादा कृषी केंद्रात, म्हणजे बियाणं-औषधांच्या दुकानात, कामाला. कपाशीच्या वाईट दिवसांतली ही गोष्ट. बोंडात अळी, शेतात फवारे, आणि फवारता फवारता शेताच्या धुऱ्यावर कोसळलेली माणसं — गावात दुसरा विषय नसायचा. दादा दुकानातून आला की आधी अंगणातल्या मोरीवर अंघोळ करायचा, तोवर आई त्याला घोटभर पाणीही देत नसे. औषधाची रिकामी बाटलीसुद्धा उंबऱ्याच्या आत यायची नाही, हा तिचा कायदा होता. आणि तो बरोबर होता.

मी तेव्हा दारव्ह्याला बी.एस्सी. करत होते. प्राणिशास्त्र. घरातली शहाणी. बुद्धविहारात दर महिन्याला माझं भाषण असायचं — नजर लागणं, हाय लागणं, शाप, सगळं थोतांड. टाळ्या मिळायच्या. दादाची नवी बायको, मुकुटबनची रंजना, मागच्या रांगेत बसून ऐकायची आणि घरी आल्यावर म्हणायची, “ताई, तुमी किती धीटपणानं बोलता.” तिला चौथा महिना होता.

त्या उन्हाळ्यात सरपणासाठी रचलेल्या कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या ढिगात मला एक मोठा तपकिरी कोळी सापडला. कोळीण खरं तर — मागे पांढरी, वाटाण्याएवढी अंड्यांची पिशवी घेऊन फिरणारी. काचेच्या बरणीत घालून घरी आणली. आई कपाळाला हात लावून बसली. काही दिवसांनी पिशवी फुटली आणि पिल्लं आईच्या पाठीवर चढून बसली, एकावर एक, राईचे दाणे सांडावेत तशी. आठवडाभरात ती उतरतात, आणि उतरली की एकमेकांना खायला लागतात. म्हणून मी दवाखान्यातून इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या आणून, उकळून, प्रत्येकात एक पिल्लू ठेवलं. तळाशी कापसाचा बोळा, रोज बैठकीतल्या माठाच्या पाण्यानं ओला केलेला, तोंडाला मलमलचा तुकडा. पिकल्या केळ्याच्या सालीवर जमणारी बारीक चिलटं हे त्यांचं जेवण. एक्केचाळीस बाटल्या, ओळीनं खिडकीत.

रंजनावहिनी आधी लांबून बघायची. मग जवळून. मग एक दिवस मला म्हणाली, “ताई, हे सतराव्या बाटलीतलं आज जेवलंच नाही.” मला हसू आलं. तिनं त्यांना ओळखायला सुरुवात केली होती. सकाळी उठल्यावर पोटावर हात ठेवून ती त्या खिडकीपाशी उभी राहायची.

आता येते मी त्या गोष्टीकडे. येते — थांबा जरा.

नळ चार-पाच दिवसांनी यायचा. मधल्या दिवसांत हापशीवरून पाणी आणायची पाळी माझी. मला त्याचा भयंकर कंटाळा. साठवायला घरात भांडी कमी, म्हणून मी दादाच्या मागे लागले की दुकानातली औषधाची एखादी रिकामी कॅन आण, पांढरी, घट्ट झाकणाची. त्यानं आणली आणि बाहेरच माझ्या हातात दिली. म्हणाला, “मोरीतच ठेवजो. कपडे धुवाले. पेयाच्या पाण्याले लावू नको.” मी हो म्हटलं. लेबल खरवडलं, राखेनं धुतली, साबणानं धुतली, तीनदा विसळली. वास गेला असं मला वाटलं. वाटलं, की वाटून घेतलं? आईनं विचारलं, कशाची आहे गं? मी म्हटलं, पिकाच्या टॉनिकची. टॉनिक म्हटल्यावर आईनं ती आत येऊ दिली. कॅन स्वयंपाकघरात ओट्याखाली गेली आणि माझ्या हापशीच्या दोन फेऱ्या वाचल्या. दोन फेऱ्या. याच्यासाठी.

पिण्याचा माठ बैठकीत होता. तिथे दिवसभर बाबा, नाहीतर त्यांच्याकडे आलेलं कुणीतरी. नवी सून पुरुषमाणसांपुढून जाऊन माठात गडवा बुडवेल, हे आमच्याकडे शक्य नव्हतं. ती स्वयंपाकघरातलंच, म्हणजे आता कॅनीतलं, पाणी प्यायची; आई मात्र प्यायला आणि स्वयंपाकाला माठातलंच घ्यायची. हे मला ठाऊक होतं. दादाला ठाऊक नव्हतं, कारण तो ताट येईपर्यंत बैठकीतच बसायचा. त्याच्या हिशेबी कॅन मोरीत होती.

चार दिवसांनी मी परीक्षेसाठी दारव्ह्याला मावशीकडे गेले, दोन दिवस. पिल्लं वहिनीवर सोपवली. परत आले तेव्हा दुपार होती. ती दारातच उभी होती, तोंड उतरलेलं. खिडकीत एक्केचाळीस बाटल्या, आणि प्रत्येकीत एक पिल्लू पाय पोटाशी ओढून पडलेलं. एकही जिवंत नव्हतं.

मी एका बाटलीतला कापूस चिमटीनं काढला आणि नाकाशी नेला. फार हलका वास होता. पण दादाच्या शर्टाला यायचा तोच.

“पाणी कुठलं दिलं?” मी विचारलं.

“कॅनीतलं, ताई. रोज ताजं देत होती.”

त्या क्षणी मला सगळं कळलं. शंका नव्हती. ज्या पाण्यानं पिल्लं मेली, तेच पाणी ही बाई आठवडाभर पीत होती, आणि तिच्या पोटात मूल होतं. कोळ्याच्या पिल्लांनी मला वेळेवर सांगितलं होतं. मला फक्त तोंड उघडायचं होतं.

उघडलं. आई मागे येऊन उभी राहिली होती, आणि मी वहिनीला विचारलं — डासांसाठी कडुलिंबाचा धूर केला होता का? ती म्हणाली, “हो, पण अंगणात केलता.” मी म्हटलं, “त्यानंच मेली. तुमच्या धुरानं.” ती रडायला लागली. ती रडली म्हणजे तिनं मान्य केलं, असं घरात सगळ्यांनी धरलं. चोराच्या उलट्या बोंबा कशाला म्हणतात, हे मला तेव्हापासून नीट कळतं.

मग कॅन? लगेच ओतून द्यावी, तर आई विचारणार काहून. टॉनिकची नव्हती हे निघणार. दादा म्हणणार, मी तर बजावलं होतं. शहाण्या पोरीचं नाक कापलं जाणार. मी ठरवलं, दोन दिवस जाऊ देऊ. दोनाचे नऊ झाले. धुतली होती की आपण, एवढ्याशा अंशानं माणसाला काय होतंय — प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी स्वतःला समजावत होती. आणि ते नऊही दिवस मी स्वतः बैठकीत जाऊन माठातलंच पाणी पीत होते. हे वाक्य बोलायला मला इतकी वर्षं लागली.

वहिनीला उलट्या सुरू झाल्या. घाम, डोळ्यांतून पाणी, तोंडाला लाळ. आई म्हणाली, दिवसच तसे आहेत. दहाव्या दिवशी मी कॅन मोरीच्या दगडावर आपटून फोडली, हातातून सुटली म्हणाले, आणि भंगारवाल्याला देऊन टाकली. वहिनी मला म्हणाली, “जाऊ द्या ताई, मी आणत जाईन हापशीवरून.”

पाचव्या महिन्यात मूल गेलं. यवतमाळच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात फवारणीचं काही हाताळता का? दादा म्हणाला, दुकानात असतो, पण अंघोळ केल्याशिवाय आत येत नाही. त्यांनी बाकीच्यांकडे बघितलं. मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. मी मूग गिळून राहिले.

पाण्यानंच झालं का? सांगता येत नाही. तेव्हा मी बोलले असते तर कदाचित सांगता आलं असतं.

पण मी सांगायला बसले ते एवढंच नाही. घरी आल्यावर आई हलक्या आवाजात शेजारणीला म्हणाली, “लहान जीवाची हाय लागते वं. तिच्या हातून एवढे जीव गेले न.” भिंतीपलीकडे वहिनी पडून होती. तिनं ऐकलं. विहारात ज्या शब्दावर मी टाळ्या घेतल्या होत्या, तो शब्द माझ्याच घरात येऊन बसला, आणि मी त्याला बसू दिला. तो मला सोयीचा होता. हाय लागली म्हटलं, की पाण्याबद्दल कुणी विचारत नव्हतं.

वहिनीला पुढे मूल झालं नाही. मी वणीला शाळेत विज्ञान शिकवते. मुलांना सांगते, प्रत्येक गोष्टीला कारण असतं, कारण शोधा. मुलं वहीत उतरवून घेतात.

मागच्या वर्षी आई गेली. पाहुणे पांगल्यावर मी आणि वहिनी अंगणात बसलो होतो. तिचे केस आता माझ्यापेक्षा पांढरे आहेत. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “ताई, एक इचारू? तुमची ती पिल्लं मी मारली. त्याचंच मले भोवलं, हे मले कळते. पण तुमी मले माफ केलं का नाही, हे कधी इचारलंच नाही मी.”

माझ्याकडे तेव्हा वेळ होता. घरात कुणी नव्हतं. आई नव्हती, भीती धरावी असं एकही माणूस जवळपास नव्हतं.

मी म्हटलं, “केलं, वहिनी.”

तिनं डोळे पुसले, माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, आणि म्हणाली, “तुमचे लय उपकार झाले.”