सांभाराच्या वाफ्यातली वीज

मुकुटबनजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागलो, तेव्हा खोली मिळाली ती तांड्यावर, एका बंजारा शेतकऱ्याच्या घरी. पांढरकवड्याला आमच्या घरात सगळे कचेरीतले. युरियाचं पोतं मी जवळून पाहिलं ते इथल्या ओसरीत. घरमालकांना मी काका म्हणायचो, त्यांच्या बायकोला काकू.

परतीच्या पावसात एका दुपारी विजांनी नुसता धिंगाणा घातला. ओसरीत बसून मी काकांसमोर ज्ञान पाजळलं. विजेच्या उष्णतेनं हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन फुटतात, एकमेकांना चिकटतात. त्यातून जे वायू होतात ते पावसात विरघळतात आणि नायट्रेट होऊन जमिनीत उतरतात. आपल्यासारख्या उष्ण मुलखातल्या ढगांत हा कारखाना फार जोरात चालतो, हेही सांगितलं. खत किती पडतं, ते मात्र गिळलं.

"म्हंजे फुकटचा युरिया?" काका म्हणाले.

"फुकटचा."

"मंग आम्ही दुकानापुढं रांगेत कायले उभे राह्यतो, सर?"

मी काही बोलायच्या आत काकाच म्हणाले, "पाहू ना करून."

टिनाच्या छपरावरून गळणारं पाणी त्यांनी एका ड्रममध्ये धरलं. परसात सांभाराचे, म्हणजे कोथिंबिरीचे, दोन वाफे होते. एकाला ड्रममधलं पाणी, दुसऱ्याला विहिरीचं, असं ठरलं. संध्याकाळपर्यंत तांडाभर बातमी. तीन दिवस झाले तरी दोन्ही वाफे सारखेच. "सराची ईज काही उगवून नाही राह्यली," असं कुणीतरी म्हणालं आणि बाकीचे हसले.

चौथ्या दिवसापासून, सकाळी काका बैलांना पाणी दाखवायला गेले की मी ओसरीतल्या पोत्यातला मूठभर युरिया ड्रममध्ये टाकू लागलो.

सांभार असा काळाभोर हिरवा झाला की बघायला माणसं येऊ लागली. एका बाईनं मिरचीसाठी बाटलीभर पाणी मागून नेलं. आठवीचा अख्खा वर्ग वह्या घेऊन आला. मी गंभीर चेहऱ्यानं समजावत होतो. लाज वाटत होती, पण मजा त्याहून जास्त येत होती, हे कबूल करतो.

मग पानांच्या कडा पिवळ्या पडल्या. दोन दिवसांत वाफा करपून आडवा झाला. काका आणि मी त्याच्यावर वाकून उभे.

"ईज लयच जोराची होती का, सर?"

"असेल," मी म्हणालो.

पलीकडे काकू सुपात डाळ पाखडत होत्या. त्यांनी सूप मांडीवर टेकवलं, आधी नवऱ्याला त्यांच्या गोरमाटी बोलीत झाडलं, मग मला कळेल असं बोलल्या. "सकाळी तुमी मूठ टाकता, दुपारी हे टाकते. सांभार जयन नाही तं काय होईन?"

मी काकांकडे पाहिलं. काका बैलांकडे पाहू लागले.

"तुम्ही काहून टाकलं, काका?"

"लोकं तुमाले हसून राह्यले होते. मले नाही पटलं. तुमी काहून टाकलं?"

"त्याचसाठी."

"मले वाटलं, तुमचं दोघायचं ठरूनच चालू आहे," काकू म्हणाल्या आणि इतक्या हसल्या की सुपातली डाळ सांडली.

मी धावत बाटलीवाल्या बाईकडे गेलो. तिची मिरची ठणठणीत होती. बाटली देव्हाऱ्यात होती. "एवढं मोलाचं पानी मिरचीले कोन टाकते?" ती म्हणाली. बाटली परत मिळवायला मला अर्धा तास लागला.

दुसऱ्या दिवशी वर्गात सगळं सांगून टाकलं. वीज खत करते हे खरं. पण ते साऱ्या रानावर, डोंगरावर, समुद्रावर वाटून पडतं. एका वाफ्याच्या वाट्याला येतं ते डोळ्यांना दिसण्याइतकं नसतं. पोरं बाकं बडवून हसली. पुढच्या बाकावरच्या मुलीनं मात्र हात वर केला.

"मंग सर, वहीत काय लिहू?"

"जे झालं ते."

तिनं निष्कर्षाखाली लिहिलं: 'विजेनं सांभार जळत नाही. सरांनी जळते.'