दीड मीटरचा नियम

माझे सासरे पुण्यातल्या एका गुलाबप्रेमी मंडळाचे अध्यक्ष आहेत. कधी निवडणूक झाली होती का, माहीत नाही. मी सून म्हणून आले तेव्हाही तेच अध्यक्ष होते. त्यामुळे जर्मनीत, येना शहरातल्या आमच्या तळमजल्याच्या घरापुढे, दोन पलंग मावतील एवढ्या बागेत, त्यांनी वेली गुलाबाचं रोप लावलं तेव्हा तो साधा खड्डा राहिला नाही, समारंभ झाला. नारळ फुटला. व्हिडिओ कॉलवर कार्यकारिणीने टाळ्या वाजवल्या. माझ्या नवऱ्याने आभार मानले. रोपाने मात्र मनोगत व्यक्त केलं नाही.

बाबा परत गेले आणि पुण्याहून सूचना येऊ लागल्या. गुलाबाला चहाचा चोथा घाल. दूधसाखरेचा असेल तर आधी धुऊन घे. कांद्याच्या सालींचं पाणी, आंबट ताक. प्रकाशशास्त्रात डॉक्टरेट मिळवून मी जर्मनीत चोथा धूत होते. एवढा पाहुणचार झाल्यावर वेल माजली. बाबांनी फोनवर सांगितल्याप्रमाणे मी ती भिंतीवरून उतरणाऱ्या पावसाच्या पाइपाला सरळ बांधत गेले, आणि उन्हाळा संपता संपता तिला एक फूल आलं. तेही थेट पहिल्या मजल्याच्या बाल्कनीत. तिथे एक निवृत्त शिक्षिका राहतात. त्या आभार मानायला खाली आल्या. "अगदी माझ्या कॉफीच्या कपाशेजारी उमललंय!" आम्हाला खालून त्याचं बूड तेवढं दिसत होतं.

यंदा मार्चअखेर बाबा तीन महिन्यांच्या व्हिसावर आले, सामानात स्वतःची कात्री घेऊन. येण्याआधी त्यांनी मंडळाच्या ग्रुपवर जाहीर केलं होतं की परतताना बहरलेल्या वेलीशेजारचा फोटो घेऊन येईन. जुलैत 'परदेशात फुलवलेला गुलाब' या विषयावर त्यांचं भाषण ठरलं होतं, फलक छापून झाला होता. आणि अध्यक्षपदाकडे डोळे लावून बसलेले उपाध्यक्ष दर रविवारी ग्रुपवर विचारत, "अध्यक्षसाहेब, कळी?"

पहिल्या दोन रविवारी मला हसू आलं. मग बाबा फोन पालथा ठेवून अर्ध्या जेवणावरून उठू लागले, तेव्हा येईना.

त्यांचा इलाज एकच होता: वेल आणखी ताठ बांधणे. मी ग्रंथालयातून आणलेलं एक पुस्तक वाचत होते. त्यात लिहिलं होतं की फांद्या आडव्या वाकवून बांधल्या तर डोळ्याडोळ्यातून फुटवे येतात आणि प्रत्येक फुटव्याला फूल धरतं. ताठ उभ्या फांदीला फक्त शेंड्यावर. मी हे सांगून पाहिलं.

"अगं, या विषयावर मी पुस्तिका लिहिली आहे."

ती मी वाचली आहे. तिच्यात गुलाबांपेक्षा अध्यक्षांचे फोटो जास्त आहेत. ताठपणा आणि शेंडा यांच्यावर एखादं सुवचन सुचत होतं, पण मला त्याच घरात राहायचं होतं.

बाबा शास्त्राला घाबरत नाहीत, पण जर्मनीला घाबरतात. रस्ता ओस असला तरी लाल सिग्नलला ते हात मागे बांधून उभे राहतात. म्हणून एका सकाळी चहा ओतता ओतता मी म्हणाले, "बाबा, एक अडचण आहे. हाउसऑर्डनुंग. इमारतीची नियमावली. वेल दीड मीटरच्या वर चालत नाही."

दीड मीटर म्हणजे आमच्या कुंपणाची उंची. दुसरा आकडा आयत्या वेळी सुचला नाही.

बाबांनी कप खाली ठेवला. "लेखी आहे?"

"इथे सगळं लेखीच असतं." हे वाक्य खरं होतं.

"आणि दंड?"

मी नुसता सुस्कारा सोडला.

दुपारपर्यंत त्यांनी एकेक फांदी सोडवून कुंपणाच्या तारेवर आडवी बांधली, इतक्या हळुवारपणे की नवऱ्याला हेवा वाटला. "काय देश आहे! गुलाबालासुद्धा वाकायला लावतात."

दुसऱ्या दिवशी वरच्या शिक्षिका खाली आल्या. त्यांचा गुलाब कुठे गेला? बाबांनी इंग्रजीत दीड मीटर सांगितलं. आता माझं पितळ उघडं पडणार होतं. त्या बाई या इमारतीत आमच्याआधी कितीतरी वर्षं राहतात. त्यांनी नजरेने कुंपणाची उंची मोजली.

"आख सो, अस्सं," त्या म्हणाल्या. "असा काहीतरी नियम असणार, मला वाटतच होतं." मग समोरच्या शेजाऱ्यांच्या भिंतीवर चढलेल्या वेलीकडे बघून, "त्यांची आयव्ही तर दोन मीटरच्या वर गेली आहे!"

मेमध्ये आडव्या फांद्यांवर ओळीने फुटवे उभे राहिले. जूनच्या मध्यावर कुंपण गुलाबी झालं. विमानाला अजून आठवडा होता. बाबांनी उन्हात कोट घालून फोटो काढून घेतला आणि खाली ओळ टाकली: 'फांदी आडवी न्यावी, हे मी अनेक वर्षे सांगत आलो आहे.' उपाध्यक्षांनी हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं. त्या रात्री पोळ्या कमी पडल्या.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी बागेत गेले तर बाबा सुतळी घेऊन उभे. बुंध्यातून निघालेला यंदाचा नवा फुटवा त्यांनी पाइपाला सरळ वर बांधायला घेतला होता.

"बाबा, अहो, नियम!"

"हळू बोल. एकच फांदी आहे. त्या बाई रोज कठड्यावरून एवढ्या वाकून खाली बघतात, उद्या पडतील. कुणी विचारलं तर सांग, करणारा देश सोडून गेला."

मी वर पाहिलं. सुतळीचं दुसरं टोक बाल्कनीत होतं. बाई ते कठड्याला गुंडाळत होत्या आणि त्यांची नजर आयव्हीवाल्यांच्या खिडकीवर होती.

"श्नेल, श्नेल," वरून दबका आवाज आला.

बाबांना जर्मन येत नाही, 'लवकर'सुद्धा नाही. त्यांनी गाठ भराभर मारली.