रिंगेतला डोंगर

माझ्या नवऱ्याला रिंग फेकणं कधीच प्रामाणिकपणे जमलं नाही. रिंग म्हणजे सायकलच्या चाकाची, तारा काढून टाकलेली. पाठमोरं उभं राहायचं, डोळे मिटायचे, खांद्यावरून ती मागे भिरकावायची आणि पडेल तिथे बसून तिच्या आतली एकूण एक वनस्पती मोजायची, असा आमचा खाक्या. डोळे मिटायचे, कारण माणसाचा हात आपसूक फुलांकडे ओढ घेतो आणि मग उघडाबोडका डोंगरही कागदावर बहरलेला दिसायला लागतो. हे गृहस्थ मात्र फेकण्याआधी पापण्यांच्या फटीतून हळूच बघून घ्यायचे.

"अहो, लबाडी!" मी ओरडायचे.

"अगं, ऊन लागलं डोळ्याला," ते म्हणायचे आणि मुकाट्याने परत फेकायचे.

ते नाशिकच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे, मी मुलींच्या शाळेत विज्ञान. लग्नानंतर लोक जोडीने देवाला जातात. आम्ही सिन्नरच्या माळावर गवत मोजायला गेलो. सासरच्यांनी त्यावर जे तोंडसुख घेतलं ते इथे लिहीत नाही.

त्यांच्या डोक्यात एक सरळ रेघ होती. पूर्वेला सिन्नर, तिथे पाऊस हात राखून पडतो. पश्चिमेला हरसूल, तिथे तो थांबायचं नाव घेत नाही. या दोन टोकांच्या मध्ये कोणती वनस्पती कुठून सुरू होते आणि कुठे संपते, एका जागी किती प्रकार सुखाने नांदतात, हे त्यांना शोधायचं होतं. म्हणून दरवर्षी गणपती गेले की त्याच त्या जागांवर आम्ही एसटीने जायचो. सिन्नरकडे कुसळी, तरवड, गोखरू. पश्चिमेकडे सरकावं तशी रिंगेत गर्दी वाढत जायची: तेरडा, सोनकी, नभाळी, आणि हरसूलच्या वरच्या ओल्या कातळावर सीतेची आसवं. नखाएवढंही नसलेलं जांभळट फूल. त्याच्यासमोर हा एवढा उंच माणूस पालथा पडून राहायचा.

एखादी गोष्ट आहे असं म्हणायला ती एकदा दिसली तरी पुरतं. नाही असं म्हणायला मात्र पुन्हा पुन्हा जावं लागतं, हे मी त्यांच्याकडून शिकले. ते मोजायचे आणि सांगायचे, मी लिहायचे. संसारातही तेच चालू होतं, त्यामुळे त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

मग हरसूलच्या कातळावरची गर्दी कमी व्हायला लागली. आधी बारीक वनस्पती गेल्या. पुढच्या वर्षी नभाळी क्वचित, सीतेची आसवं जवळजवळ नाहीतच. सिन्नरकडेही थोडी घट होती, पण तिथे मुळात होतंच काय! ते अस्वस्थ झाले. जेवताना, कपडे वाळत घालताना, त्यांच्या तोंडी तोच विषय. गुरांनी चरून डोंगर खाल्ला, असं त्यांनी ठरवून टाकलं. कातळावर गुरं घेऊन आलेल्या एका म्हाताऱ्या बाबांवर ते घसरलेच.

"सायेब, गुरं काय आज चरत्यात व्हय?" बाबा म्हणाले. "माझ्या आज्यापास्न चरत्यात. लय रागावू नका."

मी नवऱ्याचीच बाजू घेतली. डोंगर त्यांनी मोजला होता, आणि मोजणाऱ्यावर माझा विश्वास होता.

त्याच काळात ते संध्याकाळी एसटीतून उतरताना अडखळायला लागले होते. मी जीवनसत्त्व कमी पडतंय म्हणून पपई, गाजरं, शेवग्याचा पाला यांचा मारा सुरू केला. दारातल्या बादलीला धडकले की, "लक्ष कुठंय? कातळावरच राहिलं का?" म्हणून मी चिडवायचे. ते हसायचे. दोघंही सजीवांचा अभ्यास केलेली माणसं, आणि आमच्या घरात ही गंमत चालली होती.

पुढच्या भाद्रपदात निघायच्या आधी माझं बोट विळीवर चांगलंच कापलं. पेन धरता येईना. म्हणून कातळावर पहिल्यांदाच अदलाबदल झाली: मी मोजायचं, त्यांनी लिहायचं. त्यांनी रिंग फेकली. मी वाकले आणि आनंदाने किंचाळलेच.

"अहो, परत आली! नभाळी आहे, दवबिंदूचं रोपटं आहे, आणि सीतेची आसवं किती! या कडेला नुसता जांभळा सडा पडलाय."

त्यांनी वाकून पाहिलं. "कुठंय?"

"ही काय."

"कुठं?"

मी त्यांचं बोट धरून त्या फुलावर टेकवलं. त्यांनी मान हळूहळू त्या बाजूला वळवली, आणखी थोडी वळवली, आणि मग एकदम त्यांना ते दिसलं. फूल दोन वितींवर होतं. दुपारचं लख्ख ऊन पडलं होतं. मला काय ते समजलं. त्यांनाही समजलं होतं. ते त्या फुलावरून बोट फिरवत राहिले. मग कातळावर बसले आणि म्हणाले, "म्हणजे डोंगर शाबूत आहे."

खरंच बरं वाटलं होतं त्यांना. मला त्यांचा इतका राग आला, इतकी माया आली, की मी रिंग उचलून दूर फेकून दिली आणि रडत बसले.

डॉक्टरांनी सांगितलं, नजरेचा घेर कडेकडून आत येतोय, औषध नाही. "मला आता रिंगेएवढंच दिसतं," ते लोकांना हसून सांगायचे. मग तेवढंही राहिलं नाही. इंदिरानगरच्या नव्या घरात आलो तेव्हा त्यांना घराचा रंग मी सांगितला. कातळावर मात्र ते येतच राहिले, माझा खांदा धरून. आता त्यांच्याइतकी प्रामाणिक रिंग कोणी फेकली नसती. आतलं मी मोजायचे, ते पानं बोटांत चोळून वास घ्यायचे. घरी परतताना म्हणायचे, "डोंगर आहे ना, मग माझं काही गेलं नाही." दरवर्षी म्हणायचे.

आणि मग एकोणीसशे ऐंशीनंतरच्या एका वर्षी माझ्या मोजण्यात नभाळी कमी आली. वाटलं, चुकलं असेल. पुढच्या वर्षी मी त्यांना पुन्हा पुन्हा रिंग फेकायला लावली. वरच्या उतारावरची झाडं तुटली होती, कातळावरचा मातीचा पातळ थर वाहून चालला होता. सीतेची आसवं एकाही रिंगेत नव्हती. आम्ही ठरवलेलं होतं, जे आहे तेच सांगायचं. मी सांगितलं.

ते माझ्याकडे सरकले. मग माझा चेहरा चाचपत म्हणाले, "तू डोळे तपासून घे. माझंही असंच झालं होतं ना?"

मी गेले. त्याच डॉक्टरांकडे. बाकावर बसून मी मनात जे मागत होते ते कुठल्या बाईने मागू नये. डॉक्टरांनी माझी हनुवटी टेकवली, दिवा फिरवला, कडेचं दिसतं का ते नीट पाहिलं आणि खुशीत म्हणाले, "उत्तम! या वयात इतके निकोप डोळे क्वचित बघायला मिळतात."

मी तिथेच ढसाढसा रडले. ते बिचारे गोंधळून पुन्हा पुन्हा सांगत होते की बाई, काहीही झालेलं नाही.

घरी आले तर ते दाराशीच उभे होते, चौकट धरून.

"काय म्हणाले?"

"डोळे चांगले आहेत."

त्यांनी मान हलवली. "बरं झालं," ते म्हणाले आणि भिंतीला हात लावत आत गेले. त्यानंतर हरसूलला जायचं का, असं त्यांनी मला कधी विचारलं नाही.