फक्कीची रेघ

लेकीच्या शाळेच्या मैदानावर फक्की मारत होते. त्या चुन्याच्या वासानं मी थेट कळवणजवळच्या आमच्या आश्रमशाळेत पोचले.

सत्त्याण्णव साल असावं. स्कॉटलंडहून आलेली एमाताई आम्हाला इंग्रजी आणि फुटबॉल शिकवायची. रेघ ओलांडण्याआधी आम्ही मुली मातीला हात लावून कपाळाला लावायचो. एकदा तिनं इंग्रजीतून विचारलं, असं का करता?

सुमन माझ्या कानात म्हणाली, "सांग ना गं, पडलं का तीच झेलती आपल्याला."

घाबरत, तोडक्यामोडक्या इंग्रजीत मी तेवढं सांगितलं. एमाताईनं बूट काढले, वाकून माती कपाळाला लावली.

माझं इंग्रजी तिला कळलं, याचंच मला तेव्हा केवढं अप्रूप! आज कळतं, ती जेमतेम एकोणीस वर्षांची होती, घरापासून इतकी लांब. झेलणारं कुणीतरी तिलाही हवं होतं.