वरचा थर तेवढा काढा

परवा आमच्या घरात कुणीतरी म्हणालं, "ही जुनी गोधडी टाकून देऊ आता. लय जड झालीय, धुवायचं होत न्हाई." मी पडवीत बसलो होतो. म्हाताऱ्याला ऐकू येत नाही असं समजून बोलणं चाललं होतं. मला ऐकू येतं. म्हणून वही मागून घेतली आणि लिहायला बसलो. माझी शाळा तिसरीत सुटली. अक्षर वाकडं आहे, पण टाका सरळ आहे. ज्याला ती गोधडी टाकायची आहे त्यानं आधी हे वाचावं.

मानमोडीच्या तापात आमचा बा गेला. मी अठरा-एकोणीस वर्षांचा होतो, धाकटा भाऊ सहा वर्षांचा. त्या दिवसांत आमच्या कुसगावात रडायलाही माणूस मिळत नव्हतं, ज्याच्या त्याच्या घरात अंथरूण पडलेलं. आमच्याकडची रीत अशी की मेलेल्या माणसाचं अंथरूण-पांघरूण, अंगावरचे कपडे, सगळं गावाबाहेर ओढ्याच्या काठी नेऊन टाकायचं. घरात चिंधी ठेवायची नाही. बाचं धोतर गेलं, बंडी गेली, घोंगडी गेली. मुंडासं मात्र कुणाला सापडलं नाही. त्या गडबडीत कुणी विचारलंही नाही.

तेराव्यानंतर आईनं भाताच्या कणगीत कोपरापर्यंत हात घातला आणि ते बाहेर काढलं. तांबडं मुंडासं, पिवळ्या काठाचं.

"तुज्या बाचं येवढंच उरलंय," ती म्हणाली. "गोधडीत घालायचं. माजी बोटं वळत न्हाईत. मी सांगते, तू शिव."

आई त्याच तापातनं उठली होती, पण उजव्या हाताची बोटं वाकडी राहिली ती राहिलीच. घरात बहीण नाही, माझं लग्न व्हायचं होतं. शिवणार कोण? मीच बसलो. खाली तिच्या लग्नातलं लुगडं पसरलं, वर मुंडासं आठ पदरी घडी घालून, त्यावर परत लुगडं. सुई बोटात घुसली की ती म्हणायची, "रगत कापडाला लागू देऊ नकोस. टाका बारीक घे. बाजेवरच्या सुतळीसारखा नको." सारी गोधडी झाल्यावर शेवटचा कोपरा तिनं उघडा ठेवायला लावला, आत आंबेमोहोर तांदळाचे चार दाणे टाकले आणि मग मिटवला. आमच्यात गोधडी उपाशी ठेवत नाहीत.

मग म्हणाली, "हे कुनाला सांगू नगंस. धाकट्यालाबी न्हाई. पोर हाय, कुटंबी बोलून बसंल."

मी हो म्हटलं. माझा शब्द म्हणजे शब्द.

तिथनं मला नाद लागला. भाताची लावणी झाली की आमच्याकडं आभाळ खाली उतरतं, भुशीकडचे डोंगर महिना महिना दिसत नाहीत. गडीमाणसं चावडीवर पत्ते कुटत बसायची. मी ओटीवर गोधडी पसरून बसायचो. जाता-येता लोक थांबायचे.

"काय वहिनी, चोळीचं माप घेता का?"

मी वर न बघता म्हणायचो, "घेतो की. तुजं घेऊ का तुज्या आईचं?"

एकदा असं म्हटलं की तो माणूस परत थांबत नसे. पण बोलणारे संपत नसत. बाईचं काम, बाईचं काम! भात लावताना बाई चिखलात उभी राहिलेली चालते, आणि पुरुषानं कोरड्यात बसून सुई धरली की यांची इभ्रत जाते. त्याच लोकांच्या घरातल्या फाटक्या गोधड्या पोत्यात बांधून माझ्याकडं यायच्या, त्याही दिवस मावळल्यावर, मागच्या दारानं. मी त्या पुढच्या दारानं परत पाठवायचो. डोक्यावर घेऊन जा म्हणायचो, गावाला बघू दे.

जुनी गोधडी दुरुस्त करायची म्हणजे काय हे आता कुणाला माहीत नाही म्हणून सांगतो. जुनी गोधडी उसवायची नसते. फाटली, विटली की तिच्यावर नवा थर चढवायचा आणि सगळ्या थरांतनं परत धावदोरा घालायचा. आतले टाके तसेच राहतात. आईची गोधडी मी अशी चार वेळा वाढवली. नवरात्र बसायच्या आधी सगळं घर धुवायला काढतात, तेव्हा ओढ्यावर ती उचलायला दोन माणसं लागायची. ओली झाली की म्हशीसारखी बसायची.

वरच्या थराचं कापड मी लोणावळ्याच्या बाजारातनं आणायचो. तिथं एक शिंपी मास्तर बंगलेवाल्यांचे आणि रेल्वेच्या साहेबांचे कपडे शिवायचा. त्याच्याकडच्या कातरणाच्या पिशव्या मी तांदळाच्या बदल्यात घ्यायचो. पहिल्यांदा गेलो तेव्हा मला म्हणाला, "पाटील, बायकोला पाठवा की. तिला रंग कळतील."

"रंग मला कळत्यात. तुमी पिशवी उलटी करा."

उलटी केली तर वर छिटाचे तुकडे आणि खाली नुसती अस्तराची मरतुकडी पट्टी. मग मी एकेक तुकडा थुंकी लावून अंगठ्यानं चोळून बघायला लागलो. ज्याचा रंग अंगठ्याला आला तो बाजूला. मास्तर म्हणाला, "लय चिकट माणूस!" पण त्यानंतर पिशवीत लबाडी केली नाही. पुढं स्वतःहून सांगायचा, "भाऊ, निळं आलंय बघा, गार्डाच्या कोटातलं. ठेवलंय तुमच्यासाठी."

दुसरी लढाई लागली आणि कापड रेशनवर गेलं. धोतरासाठी माणसं रांगेत उभी राहू लागली, मग कातरण कोण देतो? शिंपीच चिंध्या जपायला लागले. आईच्या गोधडीचा शेवटचा थर मी त्या काळात जमवला. दोन वर्षं लागली. निळं गार्डाच्या कोटाचं, तांबडं हमालाच्या फाटक्या सदऱ्याचं, एका बंगल्याच्या माळ्याकडनं मिळालेला हिरवा पडदा, आणि चारी बाजूंनी माझ्या घरचीच्या जुन्या लुगड्याचे काठ. टाका असा की वितीत वीस बसावेत. असं काम मी परत केलं नाही. आई आता म्हातारी झाली होती, तिला दिसत कमी होतं. तिनं वाकड्या बोटांनी चाचपलं आणि म्हणाली, "आता जमलं तुला." एवढ्या वर्षांत एकदाच म्हणाली.

एकच हिवाळा ती गोधडी तिनं पांघरली. पौषात एक दिवस सकाळी पेज प्यायली आणि अकराच्या सुमाराला गेली.

धाकटा तेव्हा लोणावळ्यात कचेरीत कारकून होता. मी औत धरलं म्हणून तो शिकला. हे मी त्याला कधी बोलून दाखवलं नाही, हितं लिहितोय तेवढंच. तो कोट घालूनच आला. रडला, खोटं कशाला सांगू, लहान पोरासारखा रडला. मग डोळे पुसून कामाला लागला. तिरडी बांधून झाली. आईचं अंथरूण बाहेर काढायला त्यानं माणसं आत पाठवली. चटई आली, उशी आली आणि दोघांनी धरून गोधडी आली.

मी म्हटलं, "ती ठिवा हितं."

धाकटा म्हणाला, "दादा, आईच्या अंगावर होती ती. जाऊ दे."

"ती न्हाई जायची."

"अरे, रीत आहे आपली. आणि किती दिवस खोकत होती ती. दवाखान्यात विचार, असलं पांघरूण घरात ठेवू नये म्हणतात."

"तुज्या दवाखान्याला म्या न्हाई विचारत."

आमचे एक चुलते होते, गावात त्यांना सगळे आबा म्हणत. ते म्हणाले, "आरं, गोधडीच ती. तू दुसरी शिवशील. तुजा हात तर बाईचाच हाय."

दारात आईचं मढं, आणि अंगणात चार माणसं खाली माना घालून हसली. ती चार तोंडं मला अजून आठवतात. चारातली तीन आता नाहीत, तरी राग गेलेला नाही.

काय सांगू शकत होतो मी? मुंडासं आहे म्हटलं असतं तर सगळं गाव उठलं असतं. मेलेल्याचं कापड पंचवीस-सव्वीस वर्षं घरात ठेवलं, म्हणूनच हे झालं आणि ते झालं, या म्हातारीनंच केलं. असं तिच्या तोंडावर बोलले असते, आणि ती उत्तर द्यायला नव्हती. मी गोधडीवर जाऊन बसलो. सरळ मधोमध मांडी घालून बसलो.

धाकटा ओरडला, "लोक काय म्हणतील? आई दारात आहे आणि तू चिंध्यांवर बसलायस!"

चिंध्या म्हणाला. मी त्याला मारलं असतं. हात उचललाच होता, तेवढ्यात माझी घरची आतनं आली. तिला मुंडाशाचं ठाऊक नव्हतं, पण मला ती ओळखत होती. तिनं माझा शिवणाचा डबा समोर आपटला.

"अंगाला लागलाय तो वरचा थर," ती मोठ्यानं म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "त्यो द्या काढून. आतलं तुमच्या आईच्या लग्नापासनचं हाय, त्याला काय शिवलंय?"

आबांनी जरा विचार केला. "व्हय, वरचा गेला तर चालंल," म्हणाले. त्यांना उशीर होत होता.

मी कातर घेतली. टाका तोडायला लागलो तर तो तुटेना. वितीला वीस टाके, दुहेरी दोरा, वर मेण चोळलेलं. त्या दिवशी मी माझ्याच हाताला शिव्या दिल्या. ऊन तुळशीपासून सरकत गोठ्यापर्यंत गेलं तरी निम्मं झालं नव्हतं. घरची दुसऱ्या बाजूनं बसली, ती सुईनं टाका उचलायची, मी कापायचो. माणसं तंबाखू मळत कुजबुजत होती. धाकटा पाठ करून उभा होता. शेवटचा कोपरा सुटला आणि हा थर चढवताना घातलेले तांदळाचे चार दाणे अंगणात पडले. ते मी वेचून आईच्या हाताशी ठेवले. मग तो थर, निळा, तांबडा, हिरवा, त्यांच्याकडं फेकला. "न्या," म्हटलं. "टाका ओढ्यात."

ओढ्याकाठी टाकलेला तो तिसऱ्या दिवशी तिथं नव्हता. कुणीतरी उचलून नेला. नेणाऱ्याचा राग नाही. थंडी होती, त्यानं पांघरला असेल.

पण ते तेवढ्यावर मिटलं नाही. तेराव्याला धाकटा परत आला. गोधडी पडवीच्या दांडीवर टाकलेली होती. वरचा थर ओढून काढताना एका कडेला आतले विरलेले थर पार जुन्या लुगड्यापर्यंत फाटले होते, ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं. त्यातनं बोटभर पिवळा काठ दिसत होता, त्याला लागून तांबडं. धाकटा तिथं उभा राहिला. किती वेळ ते माहीत नाही, मी पत्रावळी मांडत होतो.

"दादा, हे बाबांचं मुंडासं."

मी हातातली पत्रावळ खाली ठेवली.

"मला आठवतंय. मी त्यांच्या खांद्यावर बसायचो, तेव्हा हा काठ धरायचो." मग आवाज बदलला. "तुला माहीत होतं. इतकी वर्षं."

"आईनं सांगू नको म्हटलं हुतं."

"मी सहा वर्षांचा होतो तेव्हा! आता मला पोरं आहेत!"

आईनं कधीपर्यंत सांगू नको ते सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं. पण म्हणून मान खाली घालणारा मी नव्हे. मी म्हटलं, "परवा तूच टाकायला निघालतास."

तो म्हणाला, "निम्मी दे मला. मधनं काप. निम्मं मुंडासं माझं आहे."

कापायची! जमिनीचे तुकडे झाले, भांडी वाटली, आंब्याची फांद्यांवर वाटणी झाली, तेव्हा मी काही बोललो नाही. पण गोधडीला मधनं कातर लावली की दोन गोधड्या होत नाहीत, दोन्हीकडनं उसवत जाणाऱ्या चिंध्या होतात. हे मी त्याला सांगितलं. ओरडून सांगितलं. तो पानावरनं उठून गेला, गोडाचा घास न घेता. त्यानंतर नवरात्रात तो कुसगावात आला नाही. मीही त्याच्या दारात गेलो नाही. बाजारात समोर आला तर मी मास्तरच्या दुकानात शिरायचो. आता तो नाही. त्याच्या तेराव्याला गेलो होतो. बसलो आणि आलो.

म्हणून घरातल्या सगळ्यांना सांगतो. ही गोधडी टाकायची नाही. जड आहे तर दोघांनी उचला. मी गेल्यावर आबांसारखा कुणीतरी उभा राहीलच आणि रीत सांगेल. त्याच्याशी भांडू नका. वरचा थर काढून द्या. यंदाच्या पावसात मी नवा चढवलाय, साध्या मांजरपाटाचा, आणि टाके मुद्दाम लांब घेतलेत, बोट बोट अंतरावर. एका टोकाला दोरा मोकळा सोडलाय. तो ओढला की सगळं सरळ निघून येतं, तिरडी थांबणार नाही.

धाकट्याच्या पोरांनी मागितली तर द्या. एक हिवाळा त्यांच्याकडं, एक आपल्याकडं. नेताना आणताना भांडलात तरी चालेल. कातर मात्र कुणी लावायची नाही.