मानाचं बकरं

लग्न होऊन जत तालुक्यातल्या या गावात आले, तेव्हा आमच्या घराला मोठा मान आहे एवढंच मला सांगितलं होतं. गावदेवीच्या जत्रेत पहिलं बकरं आमच्या दारचं. ते पडल्याशिवाय गावात कुणी सुरीला हात लावायचा नाही. मान सांगितला, पण सासऱ्यांनी तो कधीचाच सोडलाय, ही गोष्ट माझ्या विट्याच्या माहेरापासून शिताफीनं लपवली. सोयरीक जमवताना पाहुणे नेहमी अर्धंच बोलतात.

सासरे, म्हणजे आमचे मामा, फौजेतून पेन्शनीवर आले आणि त्यांनी एका महंतांकडून उपदेश घेतला. कृष्णाशिवाय दुसरा देव मानायचा नाही, जीव मारायचा नाही. भेटेल त्याला 'दंडवत' म्हणू लागले. रोज दिवेलागणीला दार सताड उघडं टाकून ओसरीवर पोथी मोठ्यानं वाचायची. ऐकायला कोण, तर अंगणातली शेरडं. समोरून जाणारी माणसं आमच्या दारापाशी आली की पाय उचलायची.

मी एकदा म्हणाले, "मामा, नुसतं वाचून काय होणार? चार माणसं बोलवा, अर्थ तरी सांगा."

"पेरल्यालं उकरून बघू न्हाई, सूनबाई," एवढंच बोलले.

मला त्या उत्तराचा भारी राग आला. टँकरच्या पाण्यावर जगणाऱ्या गावात पेरण्याच्या गोष्टी!

सासूबाईंना, म्हणजे आत्यांना, तर पोथी डोळ्यांसमोर नको असायची. वाचन सुरू झालं की त्या आत जाऊन भांडी आदळायच्या. "ह्यांच्या देवापायी आमची आई उपाशी," असं पुटपुटायच्या. माझा नवरा लांब दक्षिणेत, सोनं वितळवून शुद्ध करायच्या गलाईच्या दुकानात. तो फोनवर म्हणायचा, "एक बकरं देऊन टाका, विषय मिटवा."

गाव आधी नुसतंच रुसलेलं होतं. माझी मुलगी चालायला लागली त्या वर्षी शेजारच्या कळपातली कोकरं पटापट मेली, आणि माणसांची नजर बदलली. भांडण कुणीच केलं नाही. टँकरपाशी मी गेले की बायकांची बोलणी तुटायची, एवढंच. मग एका दुपारी शेजारीण आली. पोरीच्या केसांवरून मायेनं हात फिरवून म्हणाली, "पोरीला जप गं. आईला दारचं काय तरी लागतंयच. बकरं न्हाई दिलं तर..." शिव्या दिल्या असत्या तर मीही दिल्या असत्या. त्या मायेनं माझ्या अंगावर काटा आला.

त्यानंतरची जत्रा तोंडावर आली आणि पोरीला ताप भरला. जतला दवाखान्यात नेलं, सुई टोचली, रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, औषध चालू ठेवा, वाट बघा. वाट बघण्यातच जत्रेचा दिवस उजाडला.

रिवाजाप्रमाणे पालखी आमच्या दारात येते, पुजारी हाळी देतो, आतून कुणी येत नाही, आणि मंडळी पुढं जाऊन आमच्या मानाशिवायच जत्रा उरकतात. असं वर्षानुवर्षं चाललेलं होतं. त्या दिवशी मंडळी पुढं गेलीच नाहीत. ढोल थांबले. सगळं गाव उन्हात उभं. पोरीच्या तापाची बातमी सगळ्यांना होती.

मामा ओसरीवर पोथी उघडून बसले होते. आत पोरगी कण्हली. मामांनी पोथी मिटली, चष्मा काढला, अंगणात गेले आणि बोकडाचं दावं सोडायला लागले. खरं सांगते, माझा जीव भांड्यात पडला. सुटलो एकदाचे, असंच वाटलं मला.

तेवढ्यात आत्या बाहेर आल्या. त्यांनी मामांच्या हातातून दावं घेतलं. मला वाटलं, आता याच बोकड ओढत नेणार, किती वर्षं वाट बघितली त्यांनी. त्यांनी दावं परत खुंट्याला आवळलं.

"आवं, बसा खाली," त्या म्हणाल्या. "इतकी वर्सं वाचलंसा, ते काय भिताडाला?"

मग गावाकडं तोंड करून म्हणाल्या, "आमच्या दारात बकरं न्हाई. जावा तुमी." मागं बोकड ओरडत होता.

माणसं गेली. ढोल न वाजवता गेली, आणि ते मला जास्त भयंकर वाटलं. मामा पायरीवर बसून लहान पोरासारखे रडले. आत्यांनी त्यांना पाणी दिलं आणि पोरीच्या कपाळावरची घडी बदलायला आत गेल्या.

ताप दोन दिवसांनी उतरला. औषधानं उतरला की कशानं, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. शेजारीण बघायला आली, पोरीचा पापा घेतला आणि जाताना दारात म्हणाली, "आई थांबलीया. इसरली न्हाई."

आता आत्या रोज पोथीला बसतात, पोरीला मांडीवर घेऊन. गावातलं दुसरं कुणी अजून आलेलं नाही. जत्रा आठवड्यावर आली की देवळाकडून ढोलांची तालीम ऐकू येते, आणि आत्यांचा हात पोरीच्या पोटावर इतका घट्ट आवळला जातो की ती "आजी, दुखतंय" म्हणते. मामा वाचता वाचता थांबतात. आत्यांचा चेहरा पांढरा पडलेला असतो. "वाचा," त्या म्हणतात, आणि जागच्या हलत नाहीत.